नळ दारात आला. पाणी ओठापर्यंत नीट येते का?



आंबागडचा किल्ला आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिला आहे. सातपुड्याच्या डोंगरावरचा हा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, इ.स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण याने बांधला असे सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि तिथे कैदी ठेवले जाऊ लागले. जुन्या गॅझेटियरात याविषयी एक नोंद आहे. ज्या कैद्यांना मारायचे असे त्यांना किल्ल्यातल्या आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी प्यायला लावत आणि ते मरून जात. तलवार नाही, फास नाही, फक्त घाण पाणी.

परिचारिका म्हणून आमची बरीच वर्षे हगवण, कावीळ आणि टायफॉइडच्या रुग्णांजवळ गेली. त्यामुळे ही नोंद वाचून आम्हाला नवल वाटले नाही. घाण पाणी माणूस मारते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फरक एवढाच की त्या कैद्यांना कोणीतरी ते पाणी पाजत होते. आज आपल्या वस्त्यांत ते पाणी आपणच, आपल्या हाताने, आपल्या पैशाने पाइप जोडून घरात आणतो, आणि आपल्याला ते कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका गावी एकाच गल्लीतल्या चार घरांत लेकरांना हगवण लागली. आम्ही गेलो तर एक म्हातारी आई म्हणाली, "बाई, आमी त विहिरीचं पानी सोडलं. आता नळाचंच पेतो. नळाचं पानी त साफच रायते ना?" आम्ही टाकी पाहिली. झाकण होते, ब्लिचिंग पावडर टाकली जात होती. मग नळाच्या पाइपावर हात ठेवून दारापासून मागे मागे चालत गेलो. पाइप नालीत उतरला. नालीच्या पाण्याखाली त्याला जोड होता आणि जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. वरच्या अंगाला तीन घरे सोडून एका संडासाच्या टाकीचे पाणी त्याच नालीत पडत होते. टाकीजवळचे पाणी आणि या घरांच्या नळाचे पाणी तपासणीच्या वेगवेगळ्या बाटल्यांत भरले. दुसऱ्या दिवशी टाकीची बाटली जशीच्या तशी होती. नळाची काळी पडली होती. काळी बाटली म्हणजे पाण्यात मैल्यातले जंतू असण्याची खूण.

म्हणजे पाणी टाकीत बिघडले नव्हते. ते शेवटच्या पन्नास फुटांत बिघडले. म्हणून हा लेख त्या शेवटच्या पन्नास फुटांविषयी आहे.

दोष कोणाचा, हे आधी बोलू

असे काही लिहिले की लगेच कोणीतरी म्हणतो, "तुमच्या वस्तीतल्या लोकांनाच स्वच्छता नाही." हे आम्हाला मान्य नाही. आपली वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला गावकुसाबाहेर, खालच्या अंगाला ठेवले. नळाची योजना आली तेव्हा पाइप गावातून निघून सगळ्यात शेवटी आपल्याकडे पोचला. शेवटच्या टोकाला पाण्याचा जोर कमी. जोर कमी म्हणून कोणी खड्डा खणून नळ खाली घेतो, कोणी तोटी काढून टाकतो, कोणी टिल्लू पंप लावतो. वरच्या गल्लीची नाली वाहत आपल्याकडे येते आणि पाइप टाकायला दुसरी जागा नसते, म्हणून तो नालीतूनच येतो. आपल्या बहुतेक चुका अशा गरजेतून झाल्या आहेत.

पण जंतूला कारण सांगून चालत नाही. चूक गरजेतून झाली असो की आळसातून, हगवण सारखीच लागते. म्हणून आपल्या हातात आहे ते आपण आज दुरुस्त करायचे आणि जे ग्रामपंचायतीच्या हातात आहे ते तिच्याकडून करून घ्यायचे, असे आमचे म्हणणे आहे.

पहिली चूक: पाइप नालीतून नेणे

लोकांना वाटते, पाइपातून पाणी बाहेर येते, आत कसे जाईल? सलाईन लावलेले सगळ्यांनी पाहिले आहे. बाटली संपली आणि सिस्टर वेळेवर आली नाही तर नळीत रक्त उलटे चढते. पाइपाचेही तसेच आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो आणि रिकामा होताना जिथे भेग असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिल्यांदा तेच पाणी आपल्या गुंडात पडते.

पाइप नालीच्या बाहेर काढा. भिंतीला पट्टी ठोकून वरून न्या, नाहीतर नालीपासून दूर दीड-दोन फूट खोल पुरा. नाली ओलांडावीच लागली तर आडवी, कमीत कमी अंतरात आणि पाण्याच्या वरून ओलांडा. त्या तुकड्यावर मोठा लोखंडी पाइप चढवा आणि तिथे एकही जोड ठेवू नका. नालीत जोड म्हणजे उघडी जखम.

दुसरी चूक: नळाचा खड्डा आणि काढलेली तोटी

पाण्याला जोर नाही म्हणून अंगणात कमरेइतका खड्डा खणायचा आणि तळाशी नळ घ्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी दिसते. त्या खड्ड्यात भांडी धुतलेले पाणी जाते, पावसाचे जाते, कोंबड्या उतरतात. पाऊस झाला की नळाचे तोंड त्या पाण्यात बुडते. मग पाइप रिकामा होताना ते पाणी मुख्य लाइनमध्ये जाते आणि फक्त आपल्या नाही, शेजारच्या चार घरांत पोचते.

खड्डा लगेच बुजवता येत नसेल तर निदान त्याला सिमेंटचा तळ आणि काठ करा, पाणी साचणार नाही अशी वाट द्या, आणि नळाचे तोंड तळापासून वीतभर वर ठेवा. तोटी बसवाच. तोटी नसलेला नळ पाणी वाया घालवतो आणि पुढच्या घराचा जोर कमी करतो.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक चूक होते. पहाटे बाया बांधीवर निघतात, नळ नंतर येतो. म्हणून रबरी नळी ड्रममध्ये सोडून जातात. नळीचे टोक ड्रमच्या पाण्यात किंवा जनावरांच्या टाक्यात बुडलेले राहते आणि पाणी गेले की तेच पाणी उलटे ओढले जाते. नळीचे तोंड पाण्यात बुडू देऊ नका. नळ आणि भांड्यातले पाणी यांत चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे.

तिसरी चूक: लाइनलाच टिल्लू पंप लावणे

टिल्लू पंप थेट नळाच्या लाइनला लावला की तो नुसते पाणी ओढत नाही. लाइनला जिथे जिथे भेग आहे तिथून नालीचे पाणीही ओढतो. शिवाय तो पुढच्या घराचे पाणी ओढतो. ज्याच्याकडे पंप घ्यायला पैसे आहेत त्याचा ड्रम भरतो. विधवा बाई, म्हातारे जोडपे, मजुरीवर जाणारे घर कोरडे राहते.

इथे थोडे कडू बोलतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले आणि प्रकरण कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. पाणी सगळ्यांचे आहे, हे सिद्ध करायला दहा वर्षे लागली. त्या बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याच भिंतीखाली पंप लावून शेजाऱ्याचे पाणी ओढायचे, हे बरोबर नाही.

पंपाशिवाय चालतच नसेल तर नळाचे पाणी आधी जमिनीवरच्या किंवा जमिनीखालच्या टाकीत आपोआप पडू द्या आणि पंप त्या टाकीला लावा. वायर उघडी ठेवू नका, अर्थिंग घ्या, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून पंपाला हात लावू नका. पाण्याबरोबर करंटही घरात येतो आणि तो जीव घेतो.

चौथी चूक: ट्यूब, चिंधी आणि जाळावर गरम केलेला पाइप

ही चूक आमच्याही घरी झाली आहे. मोरीजवळचा जोड गळत होता. प्लंबर तुमसरहून यायला तयार नव्हता. मग ट्यूब गुंडाळली, वर तार आवळली. गळती थांबली, आम्ही विसरलो. सहा महिन्यांनी ट्यूब काढली तेव्हा आत काळा चिकट थर होता. तेच पाणी आम्ही पीत होतो, आणि लोकांना मात्र पाणी उकळून प्या असे सांगत होतो.

ट्यूब हे एक दिवसाचे बँडेज आहे. बँडेजने हाड जुळत नाही. दुरुस्ती अशी करा:

पाइप हॅक्सॉ ब्लेडने सरळ कापा, तिरपा नको. कापलेल्या काठावरचा भुसा काढून टाका. पाइप आणि सॉकेट पुसून पूर्ण कोरडे करा. ओल्या पाइपाला सोल्युशन धरत नाही. सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा, थोडे फिरवून आत बसवा आणि हाताने काही वेळ दाबून धरा. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. शक्य असेल तर रात्री जोड करा आणि सकाळी पाणी सोडा. घाईने पाणी सोडले की जोड आतून सुटतो, हे नंतर कळते.

सॉकेटचे पैसे वाचवायला पाइपाचे तोंड चुलीवर गरम करून दुसऱ्यावर चढवतात. पाइप तिथे पातळ होतो आणि उन्हाळ्यात तडकतो. सॉकेट दहा-वीस रुपयांचा असतो. एका सलाईनच्या बाटलीलाही यापेक्षा जास्त पैसे लागतात.

आटे असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर कसताना गोळा होऊन बाहेर येते. प्लास्टिकचा आटा पान्याने जोर लावून कसू नका, तो चिरतो. आधी हाताने कसा, मग पान्याने थोडा.

पाइप घेताना त्यावरचे छापील अक्षर वाचा. विजेच्या वायरीचा पाइप किंवा उरलेला जुना शेतीचा पाइप पिण्याच्या पाण्याला लावू नका. आयएसआयची खूण पाहा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपावर आयएस ४९८५ आणि सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ हा आकडा असतो. घरातल्या शाळकरी मुलीला दुकानात सोबत न्या, ती वाचेल. छतावरून उन्हात गेलेला साधा पीव्हीसी पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. त्याला रंग द्या किंवा झाका.

आणि दुरुस्ती झाल्यावर पहिले पाणी पिऊ नका. दोन-चार बादल्या सोडून द्या, त्या अंगण धुवायला वापरा. टाकी घासून धुवा. पिण्याचे पाणी शुद्ध करायला १००० लिटरला ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर पुरते, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीला अडीच ग्रॅम. पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे नितळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. मनात शंका असेल तर पाणी खळखळ उकळून प्या.

पाचवी चूक: संडासाचे पाणी नालीत सोडणे

संडास बांधले, ही चांगली गोष्ट झाली. पण खड्डा लवकर भरू नये म्हणून टाकीचा पाइप नालीत काढून दिला तर आपण फक्त मैल्याची जागा बदलली. ज्या नालीत टाकीचे पाणी, त्याच नालीत पिण्याचा पाइप, आणि त्याच पाइपाला ट्यूब. या तीन चुका एकत्र आल्या की साथ ठरलेली.

टाकीतून निघणारे पाणी शोषखड्ड्यात सोडा. खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून निदान तीस-पस्तीस फूट दूर, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. संडासाच्या भांड्याखालचा वाकडा तुकडा, ज्याला कोणी कोंबडा म्हणतात कोणी ट्रॅप, तो काढून सरळ पाइप लावू नका. त्याच्यात साचलेले पाणी माशा आणि वास अडवते.

सहावी चूक: तुंबलेले काढायला आपणच उतरणे

ही चूक सर्वांत भयंकर आहे. टाकी तुंबली की वस्तीतल्या एखाद्या पोराला पाच-सातशे रुपये आणि एक बाटली देऊन आत उतरवतात. सेप्टिक टाकीत विषारी वायू साचलेला असतो. पहिला उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. मेणबत्ती लावून पाहणेही धोक्याचे, कारण तो वायू पेटू शकतो.

हे काम आपल्याच पोरांना का सांगतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणे आणि सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण तीस लाखांनी मुलगा परत येत नाही. आपल्या घरची टाकी असो की दुसऱ्याची, कोणीही उतरायचे नाही. नगरपालिकेची किंवा खासगी मैला उपसणारी गाडी बोलवा.

मोरी तुंबली तर अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत श्वास कोंडतो. लवचिक तार किंवा रबरी पंप वापरा आणि मोरीच्या तोंडावर जाळी बसवा.

ही किरकोळ गोष्ट नाही

१९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत सांडपाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ मध्ये आपल्या महाराष्ट्रात इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली. तिथे गळक्या पाइपांत सांडपाणी मिसळल्याचे पुढे आले. दोन्ही वेळी ती हिपॅटायटिस ई ची कावीळ होती. ही कावीळ बहुतेकांना आराम करून बरी होते. पण पोटुशी बाई शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर शंभरात वीस-पंचवीस जणींपर्यंत जीव जातो. म्हणून ज्या घरात गरोदर सून किंवा लेक आहे त्या घराचा पाइप आधी तपासा. तिचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लेकराला हगवण लागली तर ओआरएस लगेच सुरू करा, आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन पूर्ण चौदा दिवस द्या.

ग्रामपंचायतीने काय करायचे

चळवळीतले काही मित्र आम्हाला म्हणतात, "लोकांना दुरुस्ती शिकवाल तर पंचायत सुटेल." आम्हाला उलट वाटते. ज्याला पाइप कळतो त्याला पंचायतीने काय केले नाही तेही कळते. मग ग्रामसभेत त्याला गोल उत्तर देऊन बसवता येत नाही.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी घरात नळाने देऊ, हा त्यातला शब्द आहे. नुसती तोटी लावून तो शब्द पूर्ण होत नाही. ग्रामसभेत आणि त्याआधीच्या महिला सभेत हे प्रश्न विचारा आणि उत्तर नोंदवहीत लिहून घ्या:

आमच्या मोहल्ल्याची लाइन नालीतून का जाते, आणि ती कधी बाहेर काढणार? शेवटच्या नळाला रोज ओटी टेस्ट होते का? टाकीजवळ पाणी पिवळे झाले म्हणून चालत नाही, आमच्या दाराशी झाले पाहिजे. ग्रामपंचायतीला या वेळी कोणते कार्ड मिळाले, लाल, पिवळे की हिरवे? तपासणीच्या बाटल्या आणि किट कोणाकडे आहे, आणि शिकवलेल्या पाच महिलांत आपल्या वस्तीतली कोण आहे? कोणी नसेल तर का नाही?

वर्षावासात एवढे करू

आषाढ पौर्णिमेपासून आपण विहारात जमतो, धम्मग्रंथाचे वाचन होते. याच तीन महिन्यांत हगवण आणि काविळीचे रुग्ण वाढतात. आमची विनंती एवढीच आहे. एका रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळाने आणि युवकांनी नळ येण्याच्या वेळी मोहल्ल्याची लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाहावी. जिथे पाइप नालीत आहे, जिथे ट्यूब आहे, जिथे खड्ड्यात पाणी आहे, ते वहीत लिहावे. घराचे नाव बदनाम करण्यासाठी नाही, दुरुस्तीचा क्रम लावण्यासाठी. म्हाताऱ्या आणि एकट्या बायांची घरे आधी घ्यावीत. सोल्युशनचा डबा, टेप, ब्लेड आणि चार-सहा सॉकेट विहाराच्या कपाटात कायम ठेवावेत. वर्गणी काढली तर घरामागे चहाचा खर्च येणार नाही. मोहल्ल्यातल्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी हे काम नीट शिकून घ्यावे. हा हुनर पोटालाही कामी येतो.

ज्या गल्लीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिथे पोरांनी एका दुपारी तो जोड कापला, पाइप भिंतीवरून नेला आणि वरच्या घराच्या मालकाशी बोलून शोषखड्डा खणायला घेतला. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा बाटली भरली. ती काळी झाली नाही. म्हाताऱ्या आईने बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली आणि मग आम्हाला त्याच नळाच्या पाण्याचा चहा करून पाजला.

जय भीम! नमो बुद्धाय!